विचारतंस का सांगतंस?

गुरुवारी सकाळी मी गॅलरीत दात घासत उभा होतो तेव्हा भाचीचा फोन आला. रेश्मा, माझ्या बहिणीची एकुलती एक मुलगी. म्हणाली, "मामा, आई गेली." मी विचारलं, "कुठं गेली?" खरंच विचारलं. टिटवाळ्याला लेकीकडं राहायची ती, सकाळी भाजी आणायला जायची, ताजी भेंडी कुठं मिळते ते मला फोन करून सांगायची, म्हणून मला तेच वाटलं. पलीकडून रेश्मा रडायला लागली. मग माझ्या तोंडातली राखुंडी कडू लागायला लागली… रेश्मानं नंतर सांगितलं, आईनं चहा ठेवलेला, उकळला तसा गॅसही तिनंच बंद केला, खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. कुणाला आवाज दिला नाही, काही नाही. तशीच होती ती. आवाज द्यायचं काम आमच्या घरात माझं.

फोन ठेवला आणि मागं वळलो, तर भिंतीवर फळा. शाळेतला खराखुरा लाकडी फळा, बहिणीनंच आणलेला. त्याच्यावर रविवारी तिनं एक इंग्रजी शब्द लिहिलेला आणि त्याखाली मराठीत एक ओळ. मी ती ओळ रविवारीच वाचलेली. वाचून मला राग आलेला, आणि रागाच्या भरात मी चार दिवस तिला फोन केला नव्हता. म्हटलं, येईल रविवारी, तेव्हा बघतो. माझ्या बहिणीनं बापाच्या जमिनीवरचा हक्क माझ्या नावे सोडून दिला होता. तो तिनं मनापासून सोडला की माझ्यामुळं सोडला, एवढं एकच मला तिच्या तोंडून ऐकायचं राहिलं. तुम्ही म्हणाल, चार दिवसांचा उशीर झाला. चार दिवसांचा नाही, बावीस वर्षांचा.

माझं वय आता शहात्तर. चौथीत दोनदा बसलो, त्यानंतर बापानं शाळा सोडवली. ठाकुर्लीच्या खाडीकडं आमचं जुनं गाव, भाताची थोडी शेती, आणि हंगामात बाप ठाण्याकडं मिठागरावर जायचा. मीही गेलो. पायाला मिठानं चिरा पडायच्या, त्यात पुन्हा मीठ जायचं. आता त्या शेतावर सात मजली इमारत आहे आणि मी तिच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. हे मी वहीत हातानं लिहिलंय, भाचीनं मोबाईलवर उतरवलं. तिला बजावलंय, माझं एकही वाक्य सुधारायचं नाही. मला वाचता येतं, सही येते, हिशोब तोंडी येतो, आणि आजवर मी कुणापुढं मान खाली घातलेली नाही. हे मी अभिमानानं सांगायचो. अजून सांगतो, पण आवाज जरा कमी झालाय.

बहिणीचं नाव चांगुणा. मी तिला बाय म्हणायचो, आमच्यात बहिणीला तेच म्हणतात, आणि ती मला दादूस. पाच वर्षांनी धाकटी. सातवीपर्यंत शिकली, म्हणजे माझ्यापेक्षा तीन इयत्ता जास्त, आणि ते मला लहानपणी फार खुपायचं. तिचं लग्न ठाण्याला कोपरीत करून दिलं. माणूस चांगला होता, पण छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. मग ती तिथल्याच एका इंग्रजी शाळेत मावशी म्हणून लागली. पोरांचे डबे उघडून द्यायचे, नाकं पुसायची, वर्ग झाडायचे, फळे पुसायचे. आता गंमत बघा. फळा पुसायच्या आधी ती तो वाचायची. बाईंनी लिहिलेला शब्द, त्याचा अर्थ, त्याचं वाक्य. एका हातात डस्टर, आणि ओठ हलतायत. पहिलीच्या वर्गापासून सुरुवात केली आणि वर्षावर्षानं पोरांबरोबर वर सरकत गेली. ती सांगायची, "दादूस, मी पार धावीपर्यंत गेले, पन परीक्षेला कुनी बसवला नाय."

निवृत्त झाली तेव्हा शाळेत नवे पांढरे फळे आलेले. जुना एक फळा भंगारात जात होता, तो तिनं मागून घेतला. टेम्पोत घालून थेट माझ्याकडं आणला, कारण तोवर ती रेश्माकडं टिटवाळ्याला राहायला गेलेली आणि तिथल्या दोन खोल्यांत भिंत रिकामी नव्हती. माझी बायको म्हणाली, "हे काय घरात शाळा मांडली?" बाय म्हणाली, "वयनी, तुझ्या नवऱ्याची राहिलेली शाला."

पण ती शाळा सुरू झाली ती माझ्याच हट्टानं. त्याचं असं झालं, की इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरून आमच्या सोसायटीत भांडण पेटलेलं, आणि टाकी खाली माझ्याकडं राहिलेल्या अंगणाच्या तुकड्यावर यायची होती. कमिटीतला एक तरुण माणूस, शर्ट खोचलेला, घरी आला आणि म्हणाला, "काका, आम्ही तुम्हाला कन्व्हिन्स करायला आलोय." मला वाटलं, कन्व्हेयन्सलाच कन्व्हिन्स म्हणतात. इमारतीचा कन्व्हेयन्स व्हायचा राहिलाय हे मी रोज ऐकत होतो, जमिनीचा कागद सोसायटीच्या नावे व्हायचा असतो ना, तो. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "मला न विचारता माझं कन्व्हिन्स कसं करता? आधी वकील आणतो!" तो माणूस गोंधळला. म्हणाला, "काका, कन्व्हिन्स करायला वकील कशाला?" मी म्हटलं, "म्हणजे वकिलाशिवाय परस्पर उरकणार तुम्ही?" अर्धा तास भांडलो. शेवटी त्यानं हात जोडले आणि गेला. टाकी दुसरीकडं गेली. मी जिंकलो. आणि पुढच्या रविवारी बाय आली, तिला हे सांगितलं, तर ती हसून हसून जमिनीवर बसली. ती हसली तेव्हा मला कळलं की मी जिंकलो ते चुकून.

तेव्हा मी तिला सांगितलं, "बाय, मला इंग्रजी शिकव. पण ते मांजर, आंबा, छत्री नको. मला फक्त ते शब्द शिकव ज्यांनी एक माणूस दुसऱ्याकडून काम करून घेतो. लोक माझ्या घरात येऊन तेच शब्द वापरतात." ती म्हणाली, "ते तर तुला येतात सगले. नुसती नावा ठाव नायत." आणि मग तिचं ते नेहमीचं… "आनि दादूस, शिकव म्हंजे? विचारतंस का सांगतंस?"

हे वाक्य ती आयुष्यभर म्हणत आली. मी म्हणायचो, बाय, गणपतीला दोन दिवस आधी ये. ती म्हणायची, विचारतंस का सांगतंस? मी म्हणायचो, रेश्माला इंजिनियर कर. विचारतंस का सांगतंस? मी म्हणायचो, सांगतोय! ती म्हणायची, बरा. आणि विषय संपायचा. मला वाटायचं ती चेष्टा करतेय. सगळ्यांनाच वाटायचं.

दर रविवारी अकराच्या सुमारास यायची. येताना पिशवीत खडू असायचे, रुमालात गुंडाळलेले. फळ्यावर वर इंग्रजीत शब्द लिहायची, त्याखाली मराठीत तोच, आणि त्याखाली एक वाक्य. वाक्य आमच्याच घरातलं. शाळेत म्हणे तसंच शिकवतात, ओळखीच्या गोष्टीतून. पहिला शब्द रिक्वेस्ट. वाक्य लिहिलं, "वहिनी दादूसकडे चहा मागते." मी म्हटलं, "मी कधी चहा केला?" ती म्हणाली, "म्हनून तर रिक्वेस्ट. केलास तर केलास." दुसरा शब्द ऑर्डर. वाक्य, "दादूस वहिनीकडे चहा मागतो." माझी बायको आतून मोठ्यानं हसली, तशी ती चाळीस वर्षांत हसलेली मला आठवत नाही.

फोर्स आणि परस्वेड हे दोन शब्द तिनं एकाच दिवशी दिले. म्हणाली, जुळी भावंडं आहेत. "फोर्समदी आवाज वर जातो, परस्वेडमदी खाली येतो. पन जायचा तिथंच असतो." परस्वेडचं वाक्य होतं आईचं. बायच्या लग्नाच्या वेळी ती रुसून बसलेली, तिला आठवीला जायचं होतं. आई सात वेळा तिच्याजवळ येऊन बसली, दर वेळी आधीपेक्षा हळू बोलली, आणि सातव्या वेळी काही बोललीच नाही, नुसती वेणी घालून दिली. बायनं फळ्यावर लिहिलं, "आईनं वेणी घातली." एवढंच. मी म्हटलं, यात काय ते इंग्रजी? ती म्हणाली, "तुला नाय कललं तर राहू दे." तिला आठवीला जायचं होतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. साठ वर्षांनी.

प्रेशर दिला तेव्हा मला वाटलं, हा तर कुकरचा शब्द, हा मला येतो. ती म्हणाली, "प्रेशर म्हंजे कुनीच काय बोलत नाय, सगले बगतात." आणि कन्व्हिन्सचं तिनं केलं ते मला सगळ्यात आवडलं. म्हणाली, "समोरच्याला वाटला पायजे, मी आधीपासून हेच म्हनत होतो. तो खरा कन्व्हिन्स. तुला तो जमत नाय दादूस, तुला घाई असते." असे ती शब्द देत गेली, मी ते पाठ करत गेलो, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठून म्हणायला लागलो, "हे परस्वेड चाललंय का फोर्स, आधी सांगा." कमिटी मला टरकायला लागली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटायचं.

एक शब्द मात्र ती देत नव्हती. इन्फ्लुअन्स. मी मागितला की म्हणायची, तो कठीण हाय, मागून. आणि नेमका तोच शब्द आमच्या घरातला सगळ्यात जुना. त्याची गोष्ट आता सांगतो. ही गोष्ट मी आजवर पन्नास लग्नांत, हळदींत, बारशांत सांगितली असेल, आणि दर वेळी लोक पोट धरून हसले. या वेळी मात्र तशी सांगता येणार नाही.

बाप गेल्यावर सातबाऱ्यावर दोन नावं लागली, माझं आणि बायचं. गावात सगळ्यांच्या जमिनींवर इमारती यायला लागलेल्या. आमच्याकडं पद्धत अशी, की बहिणी हक्कसोडीचा कागद करून देतात, भाऊ साडीचोळी करतो, जेवण होतं, झालं. सगळ्यांच्या बहिणींनी दिलं. मीही तेच धरून चाललो. बायला कोपरीला फोन केला, "मंगळवारी कल्याणला यायचंय, दोन फोटो आण." ती म्हणाली, "विचारतंस का…" मी म्हटलं, "अगं सांगतोय, सकाळी दहाला." तिनं फोन ठेवला. तिचा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हे मी आत्ता लिहिताना मोजलं.

रजिस्टरच्या ऑफिसात गर्दी ही एवढी. लिहिणाऱ्यानं कागद भराभर वाचून दाखवला, त्या कागदांत ते असतंच, की मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, नशापाणी न करता लिहून देते वगैरे. तिथं ऑफिसर म्हणून एक बाई होत्या, तरुण, नुकत्याच बदलून आलेल्या असाव्यात. बाकीचे ऑफिसर मान वर न करता शिक्का मारायचे. या बाईंनी मान वर केली. बायकडं नीट बघितलं. चष्मा काढून विचारलं, "ताई, तुमच्यावर कुणाचा इन्फ्लुअन्स नाही ना?"

आता त्याच्या आदल्याच महिन्यात माझ्या थोरल्या पोराला गाडी चालवताना पोलिसांनी धरलेलं. पोलीस मला म्हणाले होते, तुमचा मुलगा इन्फ्लुअन्सखाली होता. मला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक, आणि इथं तर कागदात नशापाणी हा शब्द आत्ताच ऐकलेला. माझं डोकं फिरलं. माझ्या बहिणीला, भर ऑफिसात, हे विचारतात? मी बाकड्यावरून उठलो आणि ओरडलो, "ओ मॅडम! आमच्या घरातल्या बाया दारूला शिवत नाहीत!"

सगळं ऑफिस हसत सुटलं. शिपाई हसला, वकील हसले, रांगेतले लोक हसले, त्या बाईसुद्धा तोंडावर हात ठेवून हसल्या. बाय पण हसली, पदर तोंडाला लावून. हसता हसताच बाईंनी बोट दाखवलं, बायनं सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. त्या फोटोत बाय हसतेय. सरकारी कागदावर इतका हसरा फोटो दुसऱ्या कुणाचा नसेल. बाहेर आलो, वडापाव खाल्ले, मी तिला वांगी रंगाची साडी दिली, जरीच्या काठाची, आणि ती कोपरीला गेली.

हा तो किस्सा. बावीस वर्षं मी तो सांगितला, आणि बाय समोर बसलेली असेल तर तिच्याकडं हात करून सांगितला. ती दर वेळी हसायची, त्याच जागी, पदर तोंडाला लावून. पुढं कुणी कुणी माझी चूक दाखवली. म्हणाले, काका, इन्फ्लुअन्स म्हणजे दारू नाही, वजन. नगरसेवकाचा असतो तो. म्हटलं, बरं, म्हणजे वशिला. आमचा वशिला कुठं होता? असं म्हणून मी पुढच्या हळदीत किस्सा अजून रंगवला.

त्या शेवटच्या रविवारी बाय नेहमीसारखी आली. जिन्यात जरा थांबली, धाप लागलेली. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, "विचारतंस का सांगतंस?" मी म्हटलं, सांगतोय. "बरा." जेवण झालं, तिनं सुक्या जवळ्याची चटणी आणलेली. मग मी फळ्यासमोर खुर्ची टाकली आणि म्हटलं, "आज इन्फ्लुअन्स. बाकी सगळे झाले."

ती म्हणाली, "राहू दे ना दादूस. त्याचा अर्थ सांगितला तर तुझा जोक मरंल."

"मरू दे."

"पन्नास लग्नांचा जोक हाय."

"मरू दे म्हटलं ना!"

तिनं रुमाल सोडला. एक अख्खा खडू काढला, नाहीतर ती तुकडेच वापरायची. सावकाश लिहिलं. वर इंग्रजीत, खाली मराठीत, खाली एक ओळ. हात झटकले. मी चष्मा शोधत होतो तोवर तिनं चपला घातल्या. मी म्हटलं, "समजावून तर सांग." ती दारातून म्हणाली, "मी गेल्यावर वाच. तुला आता वाचता येता." आणि रेलिंग धरून उतरली. मी गॅलरीतून बघितलं, तिनं वर बघून हात केला. हसत होती की नाही ते माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. पदर तोंडाला नव्हता, एवढं दिसलं.

मग मी ती ओळ वाचली. तीनदा वाचली. आधी राग आला. म्हटलं, बावीस वर्षांनी हे? साडी घेतलीस, वडापाव खाल्लास, दर गणपतीला जेवलीस, आणि आता हे? फोन उचलला, ठेवला. सोमवारी पुन्हा उचलला. नंबर लावला की तिचा आवाज येणार, आणि मला विचारावं लागणार, बाय, तुला तेव्हा सही करायची नव्हती का? विचारावं लागणार. हे मला जमेना. मिठागरावर चिरा पडलेल्या पायांनी मी दिवसभर उभा राहिलोय, पण एक प्रश्न विचारायला मला चार दिवस पुरले नाहीत… बुधवारी संध्याकाळी बायको म्हणाली, "लावा ना एकदा फोन." मी म्हटलं, रविवारी येईलच की.

बहीण गेली की माहेरची साडी भावानं न्यायची असते. गुरुवारी डोंबिवलीत दुकानं उघडायची वाट बघत उभा राहिलो, पहिली उघडली त्यातून साडी घेतली आणि टिटवाळ्याला गेलो. बायला अंघोळ घातलेली. रेश्मा आतून आणखी एक साडी घेऊन आली, घडी न मोडलेली. म्हणाली, "मामा, ही आईच्या कपाटात तळाशी होती, कोरीच. हिच्यावरचा दुकानाचा कागदसुद्धा तसाच आहे. कुणी दिलेली माहीत नाही. ही नेसवायची की तुम्ही आणलेली? तुम्ही सांगा."

वांगी रंग, जरीचा काठ.

मी तोंड उघडलं, सवयीनं. आणि परत मिटलं. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या, कुणीच काही बोलत नव्हतं. बायनं शिकवलेला प्रेशर तो हाच. मी रेश्माला म्हटलं, "तुला काय वाटतं, पोरी?" तिनं चमकून माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा काही विचारलं असेल. तिनं मी आणलेली साडी घेतली. जुनी परत आत नेऊन ठेवली.

तेरावं झाल्यावर मी रेश्माला बाजूला घेतलं. इमारतीत माझ्या नावावर अजून दोन जागा आहेत, मुलांशी बोललो होतो. म्हटलं, "तळमजल्याची जागा तुझ्या नावे करतोय. पुढच्या आठवड्यात कल्याणला जायचंय, दोन फोटो आण." रेश्मा शांतपणे म्हणाली, "मामा, विचारताय की सांगताय?" आवाज तिचा होता, वाक्य आईचं. मग तीच म्हणाली, "मला राग नाही मामा. पण मला विचार करू दे. आईला कुणी विचार करायला दिला नव्हता." ती अजून विचार करतेय. मी तिला आठवण केलेली नाही. हे मला किती जड जातंय ते माझ्या बायकोला विचारा.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावात हळद होती. जेवणं झाल्यावर पोरांनी गराडा घातला, "काका, तो मॅडमचा किस्सा होऊन जाऊ दे!" मी म्हटलं, "तो किस्सा माझा नव्हता." त्यांना वाटलं, म्हातारा भाव खातोय. उठून घरी आलो.

सून म्हणते, फळ्यावर धूळ बसलीय, पुसू का? ती विचारते, म्हणून मीही नीट उत्तर देतो, नको पोरी. तो अख्खा खडू फळ्याच्या खालच्या पट्टीवर तसाच आहे, एका बाजूनं जरा झिजलेला. वर इन्फ्लुअन्स. खाली बायचं गोल गोल अक्षर, फळे पुसता पुसता वळण लागलेलं. "मॅडमनं मला विचारलं. उत्तर दादूसनं दिलं."

रविवारी अकरा वाजले की मी फळ्यासमोर खुर्ची टाकतो. बायको आत असते, तिला ऐकू जातं, पण ती बाहेर येत नाही. मी विचारतो, "बाय, तुला सही करायची होती का गं?" आवाज खाली ठेवून विचारतो. मग गप्प बसतो. बराच वेळ बसतो. तोंडाशी खूप काही येतं, की पद्धतच होती, की सगळ्यांच्या बहिणींनी दिलं, की तू हसलीस ना… ते गिळतो. या वेळी उत्तर मी देत नाही.